खेळण्यांतील हेलिकॉप्टर : त्याची दुरुस्ती आणि सुधारणा

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एके दिवशीं सायंकाळीं आमच्या आठव्या इयत्तेंतील एक मुलगा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा हातांत घेऊन माझ्या दारीं येऊन उभा राहिला. डब्यांत एका लहानशा विद्युत् हेलिकॉप्टरचे अवशेष होते. दोन तुटकीं पातीं, एक वांकलेली दांडी, दांत गेलेलें एक चाक, तीनच पाय उरलेली खालची चौकट, आणि उशीसारखी फुगलेली बॅटरी. हें यंत्र त्याच्या मामानें आखातांतून येतांना आणलें होतें. पुढें चार महिन्यांत त्याच्या सुट्या भागांपायीं घरांतून इतका पैसा गेला होता कीं, आतां ह्यापुढें एक रुपयाही मिळावयाचा नाहीं, असें वडिलांनीं निक्षून सांगितलें होतें. "सर, हें दुरुस्त होईल का?" एवढेंच त्यानें विचारलें. पण आपण घरचा पैसा मातींत घातला कीं काय, ही भीति त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

यंत्र दुरुस्त झालें. परंतु त्या कामांत आमचे जे आठ-दहा दिवस गेले, त्यांत एक गोष्ट माझ्या ध्यानांत आली. असलीं यंत्रें पडल्यामुळें जितकीं खराब होतात त्याहून अधिक तीं पडल्यानंतरच्या अविचारी दुरुस्तीनें आणि उतावळ्या सुधारणेनें खराब होतात. हल्लीं अशीं खेळणीं पुष्कळ घरांत दिसतात. म्हणून त्या कामाची हकीकत येथें जरा विस्तारानें देतों.

प्रथम यंत्राची रचना समजून घेतली पाहिजे. हें खेळणें फ्रान्समधील 'लामा' नांवाच्या हेलिकॉप्टरच्या आकाराचें आहे. आपल्या हिंदी सैन्याच्या गरजेवरून, हिमालयांतील विरळ हवेंत काम देईल अशा बेतानें तें हेलिकॉप्टर तयार करण्यांत आलें, आणि १९६९ सालच्या मार्च महिन्यांत तें पहिल्यानें उडालें. पुढें बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यांत तेंच 'चीता' ह्या नांवानें तयार होऊं लागलें. १९७२ च्या जून महिन्यांत झां बूले ह्या वैमानिकानें लामांतून १२,४४२ मीटर उंची गाठली. तेथें एंजिन बंद पडलें, आणि नुसत्या वाऱ्यानें फिरणाऱ्या पात्यांच्या आधारावर तो सुखरूप खालीं उतरला. खऱ्या लामाला डोक्यावर पात्यांचें एकच चक्र असतें आणि शेपटीला एक लहान चक्र असतें. आमच्या खेळण्याला मात्र डोक्यावर एकाखालीं एक अशीं दोन चक्रें आहेत, आणि शेपटीचें चक्र केवळ शोभेचें आहे.

असें कां, हें न्यूटनच्या तिसऱ्या नियमावरून उघड होईल. मोटर पात्यांना एका दिशेनें फिरविते तेव्हां पातीं यंत्राच्या धडाला उलट दिशेनें फिरवूं पाहतात. खऱ्या लामांत शेपटीचें चक्र हा उलटा जोर थोपवून धरतें. खेळण्यांत वरचें चक्र एका बाजूनें आणि खालचें चक्र दुसऱ्या बाजूनें फिरत असल्यामुळें दोहोंचे जोर परस्परांस मारतात. वरच्या चक्राची दांडी आंतून भरीव असून ती खालच्या चक्राच्या पोकळ दांडींतून आरपार गेलेली असते. प्रत्येक दांडीला एक दांतेरी चाक आणि प्रत्येक चाकाला एक मोटर. दोन्ही मोटरी अधिक वेगानें चालविल्या म्हणजे यंत्र वर चढतें. एकीचा वेग थोडा वाढवून दुसरीचा तितकाच कमी केला म्हणजे तें जागच्या जागीं वळतें. पुढेंमागें व आजूबाजूस जाण्याकरितां खालच्या चक्राखालीं एक तबकडी असते. दोन लहान सर्व्हो मोटरी ती हवी तशी कलवितात, आणि तिच्याबरोबर खालचीं पातीं कलतात. वरच्या चक्रावर, टोकांना वजनें लावलेली एक आडवी दांडी फिरत असते. भोंवरा जसा आपला तोल सहसा सोडीत नाहीं, तशी ही दांडीही आपली पातळी सोडीत नाहीं. धड कललें कीं ती वरच्या पात्यांचा कोन बदलून यंत्रास पुन्हां सरळ करिते. नवशिक्याच्या हातांतही हें यंत्र तग धरतें, तें मुख्यतः ह्या दांडीमुळेंच.

आतां डब्याकडे वळूं. सर्वांत आधीं मीं फुगलेली बॅटरी उचलून बाहेर अंगणांत, कोरड्या वाळूनें भरलेल्या कुंडींत नेऊन ठेविली. मुलगा हंसला. पण तो ती रात्रीं पलंगाखालीं भारावयास लावून झोंपत असे, हें त्यानें सांगितलें तेव्हां मला हंसूं आलें नाहीं. बॅटरीविषयीं पुढें सांगेन.

नंतर दांडी. "यंत्र फार थरथरतें, म्हणून मीं पातीं तीन वेळां बदललीं," असें तो म्हणाला. थरथर दिसली कीं पातीं बदलावयाचीं, ही बहुतेकांची समजूत असते, आणि तींत पैसा फुकट जातो. आधीं पातीं काढून ठेवावीं आणि मोटरी अगदीं मंद चालवून पाहाव्या. पातीं नसतांही थरथर कायम राहिली, तर दोष दांडींत किंवा चाकांत आहे. आम्हीं आंतली दांडी ओढून काढली आणि खिडकीच्या कांचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानें गडगडत नेली. सरळ दांडी कांचेला सर्वत्र सारखी चिकटून चालते. ही मात्र प्रत्येक फेऱ्यास मध्यें उचलली जाई आणि तिच्याखालून उजेडाची बारीक फट दिसे. अशी दांडी हातोडीनें ठोकून सरळ करण्याचा मोह होतो, पण ती डोळ्यांस सरळ दिसली तरी खरी सरळ होत नाहीं. नवी दांडी पात्यांच्या एका जोडीपेक्षां महाग नसते. त्या वांकड्या दांडीवर मुलानें नव्या पात्यांच्या तीन जोड्या खर्ची घातल्या होत्या!

थरथरीची एवढी धास्ती कां घ्यावी, हें एका हिशेबावरून कळेल. समजा, एक पातें दुसऱ्याहून केवळ एक दशांश ग्रॅम जड आहे आणि तो जादा भार आंसापासून १० सेंटिमीटर अंतरावर आहे. पातीं सेकंदास ३० फेरे करितात असें धरलें, तर केंद्रापासून बाहेर खेचणारी ती ओढ सुमारें ३६ ग्रॅम वजनाइतकी भरते. यंत्राचें सगळें वजन सुमारें २२० ग्रॅम. म्हणजे वजनाच्या जवळजवळ सहाव्या हिश्शाएवढा धक्का, आणि तोही सेकंदांत ३० वेळां दिशा फिरवून! वेग दुप्पट झाला तर ही ओढ चौपट होते. ह्या धक्क्यानें स्क्रू ढिले होतात, डांक दिलेले जोड सुटतात आणि सर्व्होचे बारीक दांत झिजतात. फळ्यावर हें गणित मांडल्यावर मुलगा कांहीं वेळ गप्पच झाला. एक दशांश ग्रॅम म्हणजे चिकटपट्टीचा एक लहानसा तुकडा, असें तो पुटपुटला. तें खरेंच आहे, आणि उपायही त्याच तुकड्याचा आहे.

पात्यांचा तोल पाहण्याची रीत अशी. एका चक्राचीं दोन पातीं बुडाशीं बुड ठेवून एकाच स्क्रूनें एका सरळ रेषेंत जोडावीं, आणि त्या स्क्रूचीं दोन टोकें दोन पेल्यांच्या कांठांवर टेकवून तीं तराजूच्या दांडीप्रमाणें मोकळीं सोडावीं. जें पातें वर राहील तें हलकें. त्याच्या टोंकाजवळ पारदर्शक चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावावा, आणि दोन्हीं सारखीं होईपर्यंत तो कातरीत जावा. जड पातें घांसून हलकें करूं नये, कारण तेणेंकरून त्याचा आकार बिघडतो. पात्याच्या पुढच्या धारेवर चिकटपट्टी लावली तर लहानसहान टवके उडत नाहींत, पण ती दोन्ही पात्यांस सारख्या लांबीची लावावी.

पातीं बसवितांना दोन चुका होतात. वरचीं व खालचीं पातीं उलट फिरणारीं असल्यामुळें तीं एकमेकांच्या जागीं चालत नाहींत. तशीं बसविलीं तर तें चक्र हवा खालीं ढकलण्याऐवजीं वर ढकलतें. दुसरी चूक स्क्रू करकचून आवळण्याची. यंत्र आडवें धरलें असतां पातें आपल्या वजनानें हळूच खालीं झुकेल, इतकाच स्क्रू आवळावा. फिरूं लागलें म्हणजे पातें आपोआप बाहेर ताणलें जाऊन आपली योग्य जागा घेतें, आणि कशावर आपटलें तर मागें वळून वांचतें. घट्ट आवळलेलें पातें मोडतें.

आतां मुख्य गोष्ट. डब्यांतील यंत्राचें डोकें चकचकीत निळ्या ॲल्युमिनियमचें होतें. मुळांत हे भाग प्लॅस्टिकचे असतात. पातें धरणारी पकड पहिल्यांदां मोडली तेव्हां मुलानें तिच्या जागीं धातूची मागविली. दुकानदाराच्या यादींत तिला 'सुधारणा' असें नांव होतें. पुढच्या वेळीं यंत्र भिंतीवर आदळलें तेव्हां पकड शाबूत राहिली, पण दांडी वांकली. मग कठीण पोलादाची दांडी आणली. त्यानंतरच्या पडण्यांत दांडीही वांचली, पण चाकाचे दांत गेले. शेवटीं दांतांत दांत अडकून मोटर जागच्या जागीं खिळली. हात घाबरून वेगाच्या दांड्यावरच राहिला, आणि वीज नियंत्रित करणारी छोटी पेटी जळाली. ह्या पेटींत रेडिओचा ग्राहक, जायरो आणि दोन्ही मोटरींचे नियंत्रक एकत्र असतात. साऱ्या यंत्रांत हाच सर्वांत महाग भाग होय.

फिरत्या पात्यांत सांठलेली शक्ति आघाताच्या वेळीं कोठें तरी जिरली पाहिजे. ती स्वस्त प्लॅस्टिकच्या मोडण्यांत जिरली तर यंत्र वांचतें. तो भाग मोडेनासा केला तर ती पुढच्या भागावर जाते, आणि पुढचा प्रत्येक भाग आधीच्याहून महाग असतो. मुलाचे वडील रिक्षांच्या दुरुस्तीचें काम करितात. एकदां ते मुलास न्यावयास आले असतां हें बोलणें त्यांनीं ऐकलें आणि म्हणाले, "म्हणजे सर, फ्यूजच्या जागीं जाड तार बसविल्यासारखेंच झालें कीं!" इतका नेमका दृष्टांत मला सुचला नव्हता. आम्हीं धातूची पकड काढून जुन्याच धर्तीची प्लॅस्टिकची बसविली. तिच्या दोन जोड्या डब्यांत जादा ठेविल्या. खर्च आला तो मुख्यतः जळालेल्या पेटीचा, आणि तो शाळेच्या विज्ञानमंडळानें ह्या अटीवर केला कीं, यंत्र वर्षभर मंडळाच्या कामीं यावें.

ह्याचा अर्थ कोणतीच सुधारणा करूं नये असा नव्हे. जेथें आघाताचा संबंध नाहीं, नित्याची झीज किंवा उष्णता हीच अडचण आहे, तेथें सुधारणा अवश्य करावी. मोटरींवर बसणारी ॲल्युमिनियमची पंखेदार टोपी ही अशी एक. ह्या मोटरींत कार्बनचे ब्रश असतात. ते घासत राहतात आणि तापतात, तापले कीं लवकर झिजतात. टोपी ही उष्णता हवेंत सोडते. उड्डाण झाल्यावर मोटरीवर बोट ठेववत नसेल, तर दहा मिनिटें विश्रांति दिल्यावांचून दुसरी बॅटरी जोडूं नये. नवी मोटर बसविण्यापूर्वीं ती दीड व्होल्टच्या साध्या सेलवर कांहीं वेळ मोकळी चालवावी, म्हणजे ब्रशांचीं टोकें वळणावर नीट बसतात. एक मोटर गेली तरी दोन्ही बदलणें हें शेवटीं हिताचें असतें. एक नवी व एक झिजलेली अशी जोडी असली तर यंत्र सारखें एका बाजूस वळत राहतें, आणि तें सरळ करण्यांत सगळा वेळ जातो. बिनब्रशाच्या मोटरी अधिक काळ टिकतात हें खरें. परंतु त्यांना निराळे नियंत्रक लागतात, आणि तितक्या पैशांत दुसरें यंत्र येऊं शकेल. नवशिक्यानें त्या भरीस पडूं नये, असें माझें मत आहे.

मोटरीचें लहान चाक आणि दांडीचें मोठें चाक ह्यांतील अंतराविषयीं एक सोपी युक्ति आहे. दोहोंच्या मध्यें वहीच्या कागदाची बारीक पट्टी घालून चाक हातानें फिरवावें. पट्टीवर दांतांच्या घड्या उमटल्या पण ती फाटली नाहीं, तर अंतर ठीक. फाटली तर चाकें फार जवळ आहेत. घड्या पुसट आल्या तर फार दूर आहेत, आणि जोर पडतांच दांत निसटतील.

तुटलेल्या पायाकरितां कांहीं विकत आणावें लागलें नाहीं. संक्रांतीच्या पतंगांची एक कामटी घरांत होती. तिचा तुकडा मोडक्या पायाच्या दोन्ही भागांशीं लावून त्यावर शिवणाचा दोरा जवळजवळ गुंडाळला, आणि मग दोऱ्यावर झटपट चिकटणारा गोंद सोडला. नुसता गोंद ह्या जातीच्या प्लॅस्टिकवर टिकत नाहीं. दोरा हाच खरा जोड, गोंद त्याला घट्ट करितो. दोन लांब कामट्या फुलीसारख्या बांधून त्यांच्या चार टोकांना टेबल-टेनिसचे चार चेंडू लाविले आणि ती फुली यंत्राच्या खालीं बांधिली. एक चेंडू २.७ ग्रॅमचा, म्हणजे चारांचा भार ११ ग्रॅमहून कमी. ह्या रुंद बैठकीमुळें यंत्र उतरतांना कलंडत नाहीं, आणि पात्यांचा जमिनीशीं संबंधच येत नाहीं. दुकानांत मिळणाऱ्या कोणत्याही भागापेक्षां ह्या चार चेंडूंनीं अधिक पैसा वांचविला.

आतां बॅटरी. ही लिथियम-पॉलिमर जातीची असून तिच्यांत दोन सेल असतात. प्रत्येक सेलचा दाब सामान्यतः ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. तो ३ व्होल्टच्या खालीं कधींही जाऊं देऊं नये. एकदां फार खालीं गेलेला सेल आंतून बिघडतो, त्यांत वायु होतो आणि तो फुगतो. फुगलेला सेल पुन्हां भारणें म्हणजे घरांत आग बोलावणें होय, आणि ती आग पाण्याच्या तांब्यानें विझणारी नसते. आमच्या बॅटरीवर ८०० मिलिअँपिअर-तास असें लिहिलें होतें. ती दहा मिनिटांत संपते असें धरलें, तर सरासरी ४.८ अँपिअर प्रवाह वाहतो, हा काडीएवढ्या तारांस थोडा नव्हे. भारतांना मात्र तिला ०.८ अँपिअरपेक्षां अधिक प्रवाह देऊं नये. दोन्ही सेलांचा दाब सारखा राखणारा चार्जर वापरावा, बॅटरी फरशीवर किंवा मातीच्या कुंडींत ठेवावी, आणि ती भरेपर्यंत जवळून हलूं नये. झोंपतांना ती लावून ठेवण्याची तर गोष्टच नको. महिनाभर यंत्र उडवावयाचें नसेल, तर सेल पूर्ण भरलेले किंवा रिकामे न ठेवतां सुमारें ३.८ व्होल्टवर ठेवावे. उडत असतां नेहमींच्या उंचीस राहण्याकरितां वेगाचा दांडा अधिक पुढें सारावा लागूं लागला, कीं लगेच उतरावें. अधिक मोठी बॅटरी घातली तर तिचें वजनही वाढतें, आणि तें उचलण्यांत मोटरी अधिक तापतात. मुलाच्या यादींत ही 'सुधारणा' पुढची होती, ती आम्हीं खोडून टाकली. फुगलेली बॅटरी कचऱ्याच्या पेटींत न टाकतां विद्युत् कचरा गोळा करणाऱ्यांकडे दिली. भारत सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणें वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी त्या तयार करणारांवर टाकलेली आहे.

सर्व जुळल्यावर तोल पाहिला. वरची वजनदार दांडी दोन्ही बाजूंस दोन बोटांनीं धरून यंत्र उचललें. नाक खालीं झुकलें, म्हणून बॅटरी थोडी मागें सरकविली. धातूंत बसणाऱ्या धातूच्या स्क्रूंवर स्क्रू न सुटूं देणारें औषध एकेक थेंब सोडलें. प्लॅस्टिकवर तें लागूं देऊं नये, कारण कांहीं प्रकारच्या प्लॅस्टिकला त्यानें तडे जातात. बॅटरी जोडल्यावर यंत्रास कांहीं क्षण मुळींच हलविलें नाहीं, कारण तेव्हां त्यांतील जायरो आपली स्थिर अवस्था ठरवीत असतो.

पहिलें उड्डाण शाळेच्या दिवाणखान्यांत केलें. पंखे बंद, खिडक्या बंद, आणि मुलें भिंतीशीं. जमिनीपासून वीतभर उंचीवर यंत्र डळमळतें, कारण पात्यांनीं खालीं ढकललेली हवा जमिनीवर आपटून परत त्याच्याच अंगावर येते. म्हणून भीत भीत खालींच न रेंगाळतां तें चटकन् एक मीटर उंच न्यावें. छताच्या फार जवळही नेऊं नये, तेथें तें वर ओढलें जातें. आणि पातीं कशासही लागलीं, कीं त्याच क्षणीं वेगाचा दांडा शून्यावर आणावा. हें एक मुलाकडून मीं यंत्र न उडवितां पन्नास वेळां करवून घेतलें, कारण त्याची पहिली पेटी नेमकी तेवढ्याकरितां जळाली होती.

वरच्या चक्राच्या एका पात्याच्या टोकाला तांबडी व दुसऱ्याला निळी पट्टी लावून आम्हीं लांबून, डोळ्यांवर चष्मे घालून पाहिलें. दोन्ही रंग एकाच रेषेवर फिरत होते. यंत्र हवेंत जवळजवळ निश्चल उभें राहिलें. तिसऱ्या दिवशीं तें खुर्चीवर आदळलें आणि प्लॅस्टिकची पकड मोडली. मुलानें डब्यांतून दुसरी काढून अर्ध्या तासांत बसविली. दांडी कांचेवर लोटून पाहिली, ती सरळ होती.

त्यानंतर सहा महिने झाले. कामटीचा पाय अजून तसाच आहे. डाव्या मोटरीचे ब्रश आतां झिजत आले असून यंत्र उजवीकडे वळूं लागलें आहे. दोन नव्या मोटरींकरितां मुलानें रविवारीं वडिलांच्या हाताखालीं काम करून पैसे सांठविण्यास आरंभ केला आहे, आणि ह्या खेपेस वडिलांची ना नाहीं.